गीताचा अर्थ आणि श्रोत्याचे दुःख

एखादे गीत 'आपले' होते, म्हणजे नेमके काय होते, या प्रश्नाकडे मराठी समीक्षेने काहीसे दुरूनच पाहिले आहे. कवितेचा वाचक शब्दांपाशी थांबू शकतो, मागे जाऊ शकतो, संदर्भ तपासू शकतो. गीताच्या श्रोत्याला ही सवड नसते. सुरांबरोबर शब्द येतात आणि निघून जातात. मागे उरते ते एखादे ध्रुवपद, एखादी प्रतिमा आणि त्या वेळची मनाची अवस्था. पुढे आयुष्यात कधीतरी ते ध्रुवपद अकस्मात ओठांवर येते आणि श्रोत्याला वाटते, हे आपल्यासाठीच लिहिले गेले होते. हा प्रत्यय खरा असतो, यात शंका नाही. परंतु गीताच्या संहितेशी त्याचे नाते कोणते, हे तपासणे समीक्षेचे काम आहे.

या दृष्टीने 'गीतरामायणा'तील 'पराधीन आहे जगती' या गीताचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. ग. दि. माडगूळकर यांनी रचलेली आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेली ही छप्पन्न गीतांची मालिका १९५५-५६ या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून आठवड्याला एक नवे गीत या क्रमाने प्रसारित झाली. पुढे अनेक भारतीय भाषांत तिची रूपांतरे झाली. छप्पन्न गीतांपैकी कित्येक लोकप्रिय झाली. परंतु घरातील माणूस गेल्यावर, आयुष्याचा डाव मोडल्यावर, श्रोत्याने आपणहून ज्याचा आधार घेतला, असे गीत प्रामुख्याने हेच. 'गीतरामायण' संपूर्ण न ऐकलेल्या माणसालाही त्याचे ध्रुवपद पाठ असते.

तथापि हे गीत भावगीत नाही, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. भावगीतातील 'मी' आणि 'तू' ही सर्वनामे मोकळी असतात. श्रोत्याने त्यांत शिरावे, अशीच त्यांची योजना असते. 'गीतरामायणा'तील 'मी' मात्र प्रत्येक वेळी एक निश्चित व्यक्ती असते आणि तिच्या बोलण्याला निश्चित प्रसंग असतो. येथे बोलणारा राम आहे, ऐकणारा भरत आहे, स्थळ चित्रकूट आहे. दशरथाचे निधन झाले आहे, भरत रामाला परत न्यायला आला आहे आणि राम त्याला नकार देत आहे. इतका बांधलेला प्रसंग असताना हे गीत कोणत्याही शोकाला लागू कसे पडते?

याचे एक उत्तर गीताच्या घडणीत आहे. प्रत्येक कडव्याच्या शेवटी येणारे यमक ध्रुवपदाच्या यमकाशी जुळते आणि कडवे पुन्हा त्याच विधानावर येऊन विसावते. रामाचा युक्तिवाद पुढे सरकत असतो. तो कैकेयीला आणि पित्याला दोषमुक्त करतो, जन्ममृत्यूच्या साहचर्याविषयी बोलतो, वियोगाची अटळता सांगतो, भरताला डोळे पुसायला सांगतो आणि अखेरीस राज्यभार त्याच्यावर सोपवतो. परंतु ध्रुवपदाच्या पुनरावृत्तीमुळे श्रोत्याच्या मनावर या प्रवासाचा ठसा उमटत नाही. उमटतो तो वारंवार परतून येणाऱ्या एका सामान्य सिद्धान्ताचा. प्रसंग गळून पडतो आणि सुभाषित उरते.

दुसरे उत्तर परंपरेत आहे. महासागरात लाटेने जवळ आलेली आणि दुसऱ्या लाटेने दुरावलेली दोन लाकडे, ही या गीतातील सर्वांत स्मरणीय प्रतिमा माडगूळकरांची स्वतःची नव्हे. वाल्मीकीच्या अयोध्याकांडात, याच प्रसंगी, राम भरताला तीच उपमा देतो. मनुष्य स्वतःचा स्वामी नाही, सर्व संचयांचा शेवट क्षयात आणि सर्व संयोगांचा शेवट वियोगात होतो, हे विचारही तेथलेच. माडगूळकरांचे सामर्थ्य असे, की त्यांनी हा संस्कृत उपदेश घरगुती सांत्वनाच्या मराठीत आणला. उपदेशातील पांडित्य ओसरले आणि थोरल्या भावाने धाकट्याच्या पाठीवर हात ठेवावा, तसा सूर त्याला लाभला. शोकग्रस्त श्रोत्याला प्रथम पोहोचतो तो हा सूर.

श्रोता आपले दुःख या गीतात ओततो, ते अप्रस्तुत म्हणता येत नाही. सांत्वन करणारा राम स्वतःही नुकताच पितृहीन झाला आहे. तो दुःखाबाहेरून बोलत नाही. प्रश्न निर्माण होतो तो पुढे, गीताचा अर्थ 'सारे नशिबाचे आहे' एवढ्यावर आणून ठेवला जातो तेव्हा. हा अर्थ आधार देतो, तसाच तो निमूटपणाही शिकवू शकतो. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याला गप्प बसवण्यासाठी दैवाचा दाखला आपल्या समाजात फार सहज दिला जातो. रामकथेने ही आपत्ती ओळखली होती. वाल्मीकीचा लक्ष्मण वनवासाची वार्ता ऐकल्यावर दैवाची भाषा नाकारतो आणि दैवाला शरण जाणे हे दुर्बळाचे लक्षण मानतो. तो आक्षेप महाकाव्याने पुसून टाकलेला नाही.

गीताची संहिता संपूर्ण वाचली तर या आक्षेपाचे उत्तर तिच्यातच सापडते. दैवाच्या नावाने कैकेयीला क्षमा करणारा राम हा स्वतः अन्याय सोसलेला माणूस आहे. सोसणाऱ्याने केलेली क्षमा आणि तिऱ्हाइताने त्याला दिलेला संयमाचा सल्ला या दोन गोष्टींचे शब्द एक असले तरी त्यांचे नैतिक मोल एक नाही. दुसरे असे, की मनुष्य पराधीन आहे असे सांगणारा राम त्याच क्षणी आपल्या स्वाधीन असलेला एक निर्णय घेत आहे. परतण्याची वाट त्याच्यापुढे खुली आहे. प्रजा, माता आणि बंधू तीच वाट दाखवीत आहेत. तो ती नाकारतो आणि चौदा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज येणार नाही, असे निक्षून सांगतो. पराधीनतेचे हे गीत वस्तुतः एका दृढ संकल्पाचे गीत आहे. जे घडले ते आपल्या हाती नव्हते. यापुढे काय करावयाचे ते मात्र हाती आहे, हा त्याचा पूर्ण अर्थ होय.

अभिनवगुप्ताने रसास्वादातील विघ्ने सांगताना स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे एक विघ्न मानले आहे. आपल्याच व्यथेत बुडालेल्या प्रेक्षकाचे चित्त दुसऱ्या विषयावर स्थिरावत नाही. या विघ्नाच्या निवारणासाठी त्याने जी साधने सांगितली, त्यांत वाद्य आणि गान यांचा समावेश आहे. म्हणजे गीताने श्रोत्याला त्याच्या दुःखात अधिक खोल ढकलावे, अशी अपेक्षा नाही. त्या दुःखातून उचलून दुसऱ्या जागी बसवावे, अशी आहे. प्रस्तुत गीतात ही जागा कोणाची? श्रोता बहुधा रामाच्या शब्दांशी एकरूप होऊन ते स्वतःशी गुणगुणतो. परंतु गीताच्या रचनेत त्याचे आसन भरताचे आहे. तो ऐकणारा आहे. ज्याला डोळे पूस, परत जा आणि आपले काम हाती घे, असे सांगितले जात आहे, तो आहे.

आणि भरत काय करतो? रामाचा निर्णय तो स्वीकारतो, पण जसाच्या तसा नव्हे. पुढच्या गीतात तो रामाच्या पादुका मागतो. राज्य कर, ही आज्ञा. राज्य करीन पण दुसऱ्याच्या नावाने, हा त्या आज्ञेचा भरताने लावलेला अर्थ. तो बोलणाऱ्याच्या हेतूला सोडून जात नाही आणि ऐकणाऱ्याच्या मनाला डावलूनही उभा राहत नाही. या गीताचा भरत हा पहिला श्रोता, आणि स्वतःचा अर्थ लावणाराही पहिलाच.

आवडत्या गीतातून व्यक्तिगत अर्थ काढण्याचा श्रोत्याचा अधिकार याहून वेगळ्या प्रमाणाने मोजण्याचे कारण नाही. ध्रुवपदापाशी थांबणाऱ्याला विसावा मिळतो. त्या विसाव्याची किंमत कमी लेखू नये. परंतु अखेरच्या कडव्यापर्यंत जाणाऱ्याला त्याहून अधिक काही मिळते. माडगूळकरांचा राम भरताचे अश्रू पुसून थांबत नाही. तो त्याला अयोध्येच्या वाटेला लावतो.