पुसलेली कृती आणि उरलेली सावली : ‘ब्रेड’ची कथनरीती

रशियन रूपवाद्यांनी घटनांचा मूळ क्रम आणि त्यांच्या निवेदनाचा क्रम यांत जो भेद केला, त्यामागे एक गृहीतक आहे : घटनांचे उत्तरदायित्व वाचकाकडे नसते. कादंबरीचा वाचक नायकाच्या अपराधाचा साक्षीदार असतो, कर्ता नसतो. जोनाथन ब्लो यांचा २००८ साली आलेला ‘ब्रेड’ (म्हणजे वेणी) हा प्लॅटफॉर्मर जातीचा संगणकीय खेळ नेमके हेच गृहीतक अडचणीत आणतो.

कथासूत्र परिचित आहे. राक्षसाने पळवलेल्या राजकन्येच्या शोधात टिम निघाला आहे. मात्र त्याला काळ हवा तितका मागे नेता येतो. उडी चुकली, मृत्यू ओढवला, तरी तो क्षण पुसून पुन्हा जगता येतो. चुकीला परिणामच उरत नसल्याने क्षमा ही नैतिक कृती न राहता निव्वळ सोय होते.

‘काळ आणि निर्णय’ या पाचव्या विश्वात या सोयीची दुसरी बाजू दिसते. काळ मागे नेऊन सोडला की टिमची सावली प्रकट होते आणि रद्द केलेली कृती जशीच्या तशी करू लागते. नाकारलेला पर्याय नष्ट होत नाही. तो समांतर वास्तव होऊन प्रत्यक्षाच्या शेजारी चालत राहतो. जांभळट झळाळीच्या वस्तू त्या सावलीलाही हाताळता येतात, आणि कोडे सुटते ते दोहोंच्या सहकार्यानेच. वेणीचा अर्थ येथे रूपबंधातूनच प्रतीत होतो : एक पेड दुसऱ्यावाचून टिकत नाही.

अखेरच्या प्रसंगात या विचाराची परिणती होते. शिलेदाराच्या हातून निसटलेली राजकन्या वरून व टिम खालून धावतो. दोघे एकमेकांना वाट करून देताना दिसतात. परंतु या विश्वात काळच उलटा वाहतो. खेळणाऱ्याने तो फिरवताच उलगडते, की राजकन्या टिमपासूनच पळत होती, त्याच्या वाटेत अडथळे उभे करीत होती आणि शिलेदार तिचा त्राता होता. एकही घटना बदललेली नाही. बदलला आहे तो क्रम. अविश्वसनीय निवेदकाची संकल्पना येथे अपुरी पडते, कारण फसवणारा निवेदकच नाही. पाठलाग खेळणाऱ्याने स्वहस्ते केलेला आहे.

विश्वांच्या प्रवेशाशी मांडलेल्या पुस्तकांतील गद्य मात्र या सामर्थ्याला उणेपणा आणते. जे कृतीतून अनुभवास येते, तेच ते आधी सांगून टाकते. उपसंहारातील अणुबॉम्बचा सूचक संदर्भ एका पुरुषाच्या हव्यासाला इतिहासाचे परिमाण देऊ पाहतो. परंतु त्या परिमाणाची कोणतीही कृती खेळात घडत नाही. त्यामुळे तो अर्थ आरोपित वाटतो. ‘ब्रेड’चे महत्त्व त्याच्या शब्दांत नसून नियमांत आहे. तेथे पश्चात्तापाचे वर्णन नाही; पुसूनही न पुसले जाणारे कर्तेपण खेळणाऱ्याच्या पदरी येते.