'सायलेंट नाइट'ची राहून गेलेली कडवी

नाताळच्या मध्यरात्री धामणगाव रेल्वेतल्या एखाद्या घरी गव्हाणीपुढे 'सायलेंट नाइट' सुरू झाले की हटकून एखादी मालगाडी जाते आणि तिच्या शिट्टीत एक ओळ बुडून जाते. गाणारे क्षणभर थांबतात, मग पुढे गातात. ज्या वर्षी हे गीत लिहिले गेले, तेही काही शांततेचे वर्ष नव्हते.

ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फच्या संत निकोलस चर्चमध्ये २४ डिसेंबर १८१८ रोजी हे गीत प्रथम गायिले गेले. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून ऐनवेळी ते रचले, ही दंतकथा आपण आवडीने सांगतो. पण संगीतकार फ्रान्झ ग्रूबर यांनी १८५४ साली लिहिलेल्या हकिकतीत उंदरांचा उल्लेख नाही. शिवाय १९९५ साली सापडलेल्या कवीच्या हस्तलिखितावर रचनेचे साल १८१६ असे आहे. हा तपशील मला त्या दंतकथेहून मोलाचा वाटतो. नेपोलियनची युद्धे नुकतीच संपली होती, साल्झबर्गची राजवट पुन्हा एकदा बदलली होती आणि तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर युरोपात उन्हाळाच आला नव्हता. पिके बुडाली, माणसे उपाशी राहिली. कापूस हातचा गेलेल्या वऱ्हाडातल्या घराला त्या वर्षाची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही.

कवी फादर योझेफ मोर हे शिवणकाम करणाऱ्या एका अविवाहित मातेचे पुत्र. सैनिक असलेला पिता त्यांच्या जन्मापूर्वीच परागंदा झाला होता. अशा जन्माच्या मुलास धर्मगुरू होण्यासाठी त्या काळी खास अनुमती लागे. गोठ्यात जन्मलेल्या बाळाविषयी या माणसाने लिहावे, यात मला नवल वाटत नाही.

मूळ गीताची कडवी सहा. आपण बहुधा तीनच गातो: पहिले, दुसरे आणि मेंढपाळांचे सहावे. मधली तीन गळाली. त्यांतील चौथ्या कडव्यात पित्याच्या प्रीतीचे सारे सामर्थ्य त्या रात्री ओतले जाते आणि येशू बंधू होऊन जगातील सर्व लोकांना कवेत घेतो. युद्धाने थकलेल्या प्रदेशात एका तरुण धर्मगुरूने हे लिहिले. ते वगळल्याने मागे राहते निजलेल्या बाळाचे गोड चित्र. अवतारधारणेचा अर्थ मात्र निसटतो. आपल्या गायनवृंदांनी वेळ वाचवण्याच्या नादात गीताचा कणाच काढून ठेवला आहे, असे मी स्पष्टच म्हणेन.

मिस्सा लॅटिनमध्ये होत असे त्या काळात मोर यांनी हे गीत लोकांच्या जर्मन भाषेत लिहिले आणि साथीला गिटार घेतली. चाल सहा मात्रांची, दादऱ्याच्या जवळची. आपल्या कानांना ती पाळण्यासारखी परिचित वाटते, ती उगीच नव्हे. मोर यांच्याआधी बरोबर दोनशे वर्षे, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तचरित्र मराठी ओवीत आणले होते. 'क्रिस्तपुराणा'चा हा वारसा असताना ते चौथे कडवे आपल्या नाताळच्या गाण्यांत अजून ऐकू येऊ नये, याची खंत वाटते. एखाद्या वऱ्हाडी कवीने ते मनावर घ्यावे आणि येत्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपूर्वी गायनवृंदाच्या हाती द्यावे. तालमीला तेवढे दिवस लागतातच.