‘श्वास’मधील आजोबा व नातू : उपचार आणि पुनर्वसन

माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारित, संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ या चित्रपटास २००३ या वर्षासाठीचे राष्ट्रीय सुवर्णकमळ प्राप्त झाले. ‘श्यामची आई’नंतर सुमारे अर्ध्या शतकाने मराठी चित्रपटास हा मान मिळाला. या गौरवाच्या सुरात चित्रपटातील एक मूलभूत प्रश्न मात्र काहीसा झाकला गेला. येथे शुश्रूषा कोण कोणाची करतो?

कोकणातील एका खेड्यातून आजोबा (अरुण नलावडे) नातू परशाला (अश्विन चितळे) पुण्यात डॉक्टरांकडे आणतात. दृष्टिपटलाचा कर्करोग असल्याने जीव वाचवावयाचा तर डोळे गमवावे लागणार, असे निदान होते. शस्त्रक्रियेपूर्वी मुलास हे सांगणे आवश्यक ठरते आणि संपूर्ण कथानकाचा ताण या सांगण्यातच आहे. वस्तुतः रोग मुलाचा; परंतु खचतात ते आजोबा. दवाखान्यातील कागदपत्रे, अपरिचित शहर आणि संमती देण्याची जबाबदारी यांखाली हा वृद्ध हळूहळू वाकत जातो. दुसरीकडे परशाचा आक्रस्ताळेपणा हा हट्ट नसून भय आहे. ते त्याला शब्दांत मांडता येत नाही.

शस्त्रक्रिया लांबणीवर पडताच आजोबा नातवाला घेऊन दवाखान्यातून नाहीसे होतात. हा प्रसंग नातवावरील उपकार म्हणून वाचणे अपुरे ठरेल. जे टाळता येत नाही त्यापूर्वी काहीतरी आपल्या हाताने करता आले, ही जाणीव आजोबांना पुन्हा उभे करते. नातवाला जग दाखविता दाखविता ते स्वतः सावरतात. डॉक्टरांचा संताप नियमाच्या दृष्टीने योग्यच आहे. दिग्दर्शकाने त्यांना खलनायक केले नाही, हे त्याचे श्रेय.

रोगमुक्ती आणि पुनर्वसन यांतील भेद येथे महत्त्वाचा ठरतो. पुण्यातील खडकी येथे मज्जारज्जूस इजा झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. गेलेली शक्ती परत आणणे नव्हे, तर ती नसताना जगणे शिकणे हा अशा केंद्राचा हेतू असतो. परशाचेही तसेच आहे. डोळे परत येणार नाहीत. काळा चष्मा लावून होडीतून गावी परतणारा मुलगा ‘बरा’ झालेला नाही; तो वाचला आहे.

नेमके येथेच चित्रपट थांबतो, ही त्याची मर्यादा होय. त्या मुलाची शाळा, त्याचा पुढचा राग, आजोबांचे थकत जाणारे वय यांचा विचार पडद्याबाहेर राहतो. शेवटच्या प्रसन्नतेने प्रेक्षकाची सुटका थोडी लवकरच केली आहे, असे म्हणावे लागते.

या संदर्भात सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’शी (२०१६) तुलना उद्बोधक ठरते. त्यातील मानव आत्महत्येच्या प्रयत्नानंतर दवाखान्यातून पळालेला तरुण आहे. त्याला आसरा देणारी जानकी रक्ताच्या नात्याची नाही, पण तीही नैराश्याशी झुंजत आलेली आहे. म्हणूनच ती त्याला प्रश्न विचारत नाही, घाई करत नाही. ‘श्वास’मधील आजोबांना हा संयम एका दिवसात, डोळ्यांदेखत वेळ सरत असताना, शिकावा लागला होता.