तारेपर्यंत नेणारे पुस्तक

आज्ञा दिल्यावर विद्युत्‌संकेत नेमक्या कोणत्या तारेवर जातो, हे सांगणारी संगणकाची पुस्तके थोडी. 'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स' हे त्यांपैकी एक. आलेस्सांद्रो रूबिनी यांनी लिहिलेली पहिली आवृत्ती १९९८ ची. २००५ च्या तिसऱ्या आवृत्तीचे लेखक रूबिनी, जोनाथन कॉर्बेट व ग्रेग क्रोआ-हार्टमन असे तिघे आहेत आणि ती विनामूल्य वाचता येते.

शिक्षकांना उपयोगी आहेत ती नववे व दहावे ही प्रकरणे. त्यांतील 'शॉर्ट' हे मॉड्यूल, म्हणजे चालू संगणकातच कर्नलला जोडता व काढता येणारा आज्ञावलीचा तुकडा, प्रिंटरसाठी असलेल्या पॅरलल पोर्टशी बोलते. या पोर्टची निवड अचूक आहे. त्याच्या २५ पिनांपैकी २ ते ९ या आठ पिनांवर आठ बिटे मिळतात. १ म्हणजे सुमारे ५ व्होल्ट, ० म्हणजे शून्याच्या जवळ. पिनांना एलईडी जोडून 'ए' हे इंग्रजी मोठे अक्षर पाठवले, की त्याचा अंक ६५ असल्याने २ व ८ क्रमांकांच्या पिनांवरचे दिवे लागतात. द्विमान पद्धत मुलांना डोळ्यांनी दिसते! पुढे लेखक ९ व १० या पिना तारेने जोडायला सांगतात. नववीवरील संकेत शून्यावरून वर गेला, की दहावीमार्फत प्रोसेसरला 'इंटरप्ट' मिळतो. एवढी अवघड कल्पना वीतभर तारेने समजावली आहे.

उणीव आहे ती वेगळी. 'शॉर्ट' थेट पोर्टला हात घालते. परंतु १९९९ च्या २.२ आवृत्तीपासून लिनक्समध्ये 'पारपोर्ट' हा मधला थर आहे. प्रिंटर व झिप ड्राइव्ह यांना एकच पोर्ट आळीपाळीने वापरता यावा, ही त्याची सोय. या थराने पोर्ट आधीच ताब्यात घेतला असेल, तर 'शॉर्ट'ला जागा मिळत नाही. प्रिंटरचे व पोर्टचे मॉड्यूल आधी काढावे लागते. नवखा मात्र आपली जोडणीच तपासत बसतो. शिवाय कर्नलमधील एका चुकीने सगळा संगणक ठप्प होऊ शकतो. वर्गातील प्रयोगासाठी 'पीपीडेव्ह' ही वाट बरी. साध्या प्रोग्रॅममधून पोर्ट मागून घ्यावा, बिटे लिहावीत, पोर्ट परत करावा. कर्नलमध्ये एक ओळही लिहावी लागत नाही.

पुस्तकातील उदाहरणे २.६.१० या कर्नलसाठी आहेत. आज ती बदल केल्याशिवाय चालत नाहीत. नव्या संगणकांवर बहुधा हा पोर्टही नसतो, आणि यूएसबीला जोडायच्या बहुतेक केबलींना फक्त प्रिंटरची भाषा कळते. त्यामुळे एकेक पिन हाताळता येत नाही. नवी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सलरेटर सेंटरच्या 'फिनिक्स' उपक्रमाचीही सुरुवात पॅरलल पोर्टवर झाली. त्यांचे पुढचे उपकरण 'एक्सपआइज' यूएसबीवर चालते.

तेव्हा शाळेतला जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्याची मागची बाजू पाहावी. २५ भोकांचा पोर्ट दिसला, तर ही दोन प्रकरणे जरूर वाचावीत. मात्र सुरुवात 'पीपीडेव्ह'ने करावी.