आयर्विन, अँडी

(१४ जून १९४२– ). आयरिश लोकगायक, गीतकार व बहुवाद्यवादक. जन्म लंडन येथे. आई उत्तर आयर्लंडची, तर वडील स्कॉटिश. बालवयात अभिनेता म्हणून त्याने काही काळ काम केले. जुलिअन ब्रीम या विख्यात वादकाकडून त्याने गिटारचे धडे घेतले. परंतु अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री याच्या प्रभावामुळे तो लोकसंगीताकडे वळला. गिटारखेरीज मँडोलिन, मँडोला, बुझुकी, हार्मोनिका व हर्डी-गर्डी ही वाद्ये त्याने आत्मसात केली.

१९६६ साली स्थापन झालेल्या ‘स्वीनीज मेन’ या त्रयीचा तो एक संस्थापक. याच त्रयीतील जॉनी मॉयनिहन याने बुझुकी हे ग्रीक तंतुवाद्य आयरिश संगीतात आणले. १९६८ मध्ये आयर्विन त्रयी सोडून बाल्कन देशांच्या भ्रमंतीस निघाला. १९७२ मध्ये क्रिस्टी मूर, डॉनल लनी व लिअम ओफ्लिन यांच्यासह त्याने ‘प्लँक्स्टी’ हा वृंद स्थापिला.

आयरिश परंपरा मूलतः एकस्वरी. जुने गायन साथीविना होई व नृत्यधुनी अनेक वादक एकत्र वाजवीत, तेव्हाही सर्वांची सुरावट एकच असे. १९६०च्या दशकातील गायकवृंदांनी गिटारची साथ रूढ केली, ती बहुधा स्वरसंघातांच्या ठोक्यांपुरती होती. आयर्विन व लनी यांनी मँडोलिन आणि बुझुकी यांच्या परस्परांत गुंफलेल्या सुरावटी गीताभोवती विणल्या. साथीला असे स्वतंत्र, तरीही गीतानुगामी स्थान मिळवून देणे, हे आयर्विनचे प्रमुख कार्य होय.

बल्गेरियन नृत्यांतील विषम तालांचा त्याने केलेला स्वीकार अधिक वादक्षम आहे. ‘रूचेनित्सा’ या नृत्याच्या सात मात्रांची विभागणी २–२–३ अशी असते. रूपक तालातील ३–२–२ या खंडांशी परिचित असलेल्या श्रोत्यास तिची कल्पना सहज येईल. आयरिश जिग व रील यांची चाल मात्र सम विभागांची. तेव्हा परके ताल मिसळल्याने परंपरेचे स्वत्व टिकते काय, हा प्रश्न उद्भवतो. प्लँक्स्टीच्या १९७४ च्या ध्वनिमुद्रिकेत रूमानियातील वास्तव्यावरील त्याच्या स्वरचित गीतास बल्गेरियन नृत्यधून जोडलेली आहे. तेथे हा संकर आगंतुक वाटत नाही. कारण भ्रमंतीची आठवण हाच गीताचा विषय असून धून त्याच अनुभवातून उगवते. डेव्ही स्पिलेनसमवेतच्या ईस्ट विंड (१९९२) या संग्रहात बाल्कन धुनी आयरिश पाइप्सवर कौशल्याने वाजविल्या आहेत. तथापि मुख्यतः वाद्यसंगीत असलेल्या या संग्रहात नावीन्य आहे, पण गीतातून येणारी आत्मीयता उणावली आहे. या संग्रहाच्या निर्मितीत सहभागी असलेल्या बिल व्हेलनच्या रिव्हरडान्स (१९९४) मधील विषम ताल पाहता मात्र आयर्विनची वाट पुढे राजमार्ग झाली, असे दिसते.

पॉल ब्रेडीबरोबरची १९७६ ची ध्वनिमुद्रिका व सापाता, वॉलनबर्ग आदी व्यक्तींवरील गीतांचा रूड अवेकनिंग (१९९१) हा संग्रह उल्लेखनीय आहे. २००२ मध्ये त्याने ‘मोझाइक’ हा बहुराष्ट्रीय वृंद उभारला. जन्माने परंपरेबाहेरच्या या कलावंताने जुन्या गीतांना धक्का न लावता त्यांच्या भोवतालचा अवकाश विस्तारला, यातच त्याचे महत्त्व आहे.