संगणकीय जुळणीतील बंधने : पडद्यावरील अचूकता आणि सुट्या भागांचे वास्तव

प्रस्तावना

संगणक-साहाय्यित आरेखन अर्थात कॅड हा आज यांत्रिकी अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग आहे. आयव्हन सदरलंड यांनी १९६३ साली एमआयटीमध्ये सादर केलेल्या 'स्केचपॅड' या प्रणालीतच रेषांना समांतर वा लंब राहण्याचे बंधन घालण्याची सोय होती. हीच कल्पना पुढे त्रिमितीय जुळणीत रुजली. सुट्या भागांचे पृष्ठभाग टेकवणे, अक्ष एका रेषेत आणणे, ठरावीक अंतर वा कोन राखणे या बंधनांना 'मेट' म्हणतात. या साधनांच्या उपयुक्ततेविषयी दुमत नाही. आक्षेप आहे तो भाग पडद्यावर पूर्ण बद्ध झाला म्हणजे जुळणी बिनचूक झाली, या समजुतीला.

बंधनांचा हिशेब

अवकाशातील दृढ वस्तूला ६ स्वातंत्र्यमात्रा असतात : ३ सरकण्याच्या व ३ फिरण्याच्या. दोन सपाट पृष्ठभाग टेकवले की ३ मात्रा जातात. दोन दंडगोल समअक्ष केले की ४ जातात. दोन डॉवेल पिनांवर बसणाऱ्या झाकणाचे उदाहरण घेता येईल. विद्यार्थी सहसा तीन मेट देतो : एक पृष्ठभागांचा व दोन समअक्षतेचे. ही बेरीज ३ + ४ + ४ म्हणजे ११ होते. आवश्यक बंधने मात्र ६ असतात. उरलेल्या ५ पैकी ४ बंधने पिना व भोके पृष्ठभागाला तंतोतंत लंब आहेत असे गृहीत धरतात, तर पाचवे बंधन दोन्ही भागांतील केंद्रांतर तंतोतंत सारखे असल्याचे मानते.

पडद्यावर हे गृहीतक खरेच असते. दोन्हीकडे ८० मिमी अंतर असेल तर सॉफ्टवेअर ही अतिरिक्त बंधने बहुधा निमूटपणे स्वीकारते. एका भागात ते ८०.०२ मिमी केले की मेट परस्परविरोधी ठरतात. कारखान्यात तयार होणारे भाग मात्र नेहमीच या दुसऱ्या प्रकारचे असतात. म्हणूनच जिग-फिक्स्चरच्या रचनेत एक पिन गोल व दुसरी डायमंड आकाराची ठेवतात, किंवा एक भोक लांबट करतात. कारागिराने अनुभवातून जपलेले हे शहाणपण तीन मेटच्या सोयीत झाकले जाते.

गतिविश्लेषणातील परिणाम

दोन बिजागऱ्यांच्या दारात हाच दोष अधिक गंभीर रूप घेतो. प्रत्येक बिजागरी ५ मात्रा काढते. एकूण १० होतात, गरज ५ चीच असते. दृढ वस्तूंच्या गतिविश्लेषणात सॉफ्टवेअर अतिरिक्त बंधने वगळते आणि सारा भार एकाच बिजागरीवर दाखवू शकते. चलचित्र निर्दोष दिसते, पण बलाचे आकडे फसवे असतात. त्या आकड्यांवरून बिजागरीची जाडी ठरवली, तर चूक आरेखनातून थेट उत्पादनात उतरते.

दुसरी बाजू

केवळ मांडणी पाहणे, भाग एकमेकांत घुसतात का हे तपासणे किंवा आरेखन-पत्रक काढणे एवढाच हेतू असेल, तर अतिरिक्त मेटने फारसे बिघडत नाही. मोठ्या जुळणीत प्रत्येक मात्रा मोजत बसणे व्यवहार्यही नाही. अनुभवी अभियंता सोयीसाठी असे मेट देतो. पण आपण काय गृहीत धरले, हे त्याला ठाऊक असते. विद्यार्थ्याला तेच ठाऊक नसते.

निष्कर्ष

दोष साधनाचा कमी व अध्यापनाचा अधिक आहे. प्रात्यक्षिकात केवळ अंतिम चित्राला गुण दिले, तर विद्यार्थी चित्रच शिकेल. मेट देण्यापूर्वी स्वातंत्र्यमात्रांचा तक्ता लिहून घेणे, एखादे माप ०.०२ मिमीने बदलून जुळणी टिकते का हे पाहणे, आणि प्रत्येक अतिरिक्त बंधनामागे कोणती टॉलरन्स वा कोणती ढिलाई आहे याचे उत्तर मागणे, एवढे तरी अपेक्षित आहे. यासाठी नव्या सॉफ्टवेअरची गरज नाही. यंत्रगतिशास्त्र, मापनशास्त्र आणि कॅड हे वेगवेगळ्या तासांना शिकवले जाणारे विषय एका प्रात्यक्षिकात एकत्र आणण्याची मात्र आहे.