गालगुंडाचे प्रतिपिंड-परीक्षण : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :

गालगुंड हा बालवयातील किरकोळ आजार होय, असा समज समाजात दीर्घकाळ रूढ आहे. कानाखालील लाळग्रंथी सुजते, आठवडा-दहा दिवसांत सूज ओसरते आणि आजार विसरला जातो. परंतु वयात आलेल्या मुलांमध्ये हाच आजार वृषणदाहास कारण ठरतो; मेंदूच्या आवरणाचा दाह व क्वचित कायमचे बहिरेपण हेही त्याचे परिणाम होत. साहजिकच वसतिगृहे चालविणाऱ्या महाविद्यालयांच्या दृष्टीने या आजाराच्या निदानाला महत्त्व आहे. हे निदान अनेकदा रक्तातील प्रतिपिंडांच्या आधारे केले जाते. अहवालातील ‘पॉझिटिव्ह’ व ‘निगेटिव्ह’ या दोन शब्दांवर कितपत विसंबावे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

गालगुंड विषाणूमुळे होतो, हे जॉन्सन आणि गुडपाश्चर यांनी १९३४ मध्ये रुग्णांच्या लाळेद्वारे माकडांना संसर्ग घडवून सिद्ध केले. पुढे १९६३ मध्ये मॉरिस हिलमन यांनी आपल्या आजारी मुलीच्या घशातून विषाणू मिळविला. त्यापासून तयार केलेल्या लसीस १९६७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. रक्तजलातील प्रतिपिंडे शोधण्याच्या आरंभीच्या पद्धती मात्र लसीच्या आधीच्या आहेत. ज्याच्या शरीराची विषाणूशी पहिलीच गाठ पडत आहे असा रुग्ण हे या परीक्षणाचे मूळ गृहीतक आहे. लसीकरणाच्या प्रसारानंतर नेमके हेच गृहीतक डळमळीत झाले.

आयजीएम परीक्षणाची मर्यादा :

लस न घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात लक्षणे दिसू लागल्यावर थोड्याच दिवसांत आयजीएम प्रतिपिंडे आढळतात व ती कित्येक आठवडे टिकतात. अशा रुग्णात परीक्षण बऱ्यापैकी विश्वसनीय ठरते. लस घेतलेल्या व्यक्तीच्या शरीरात मात्र विषाणूची स्मृती आधीच असते. आयजीजी प्रतिपिंडे वेगाने वाढतात. आयजीएम प्रतिपिंडे उशिरा येतात, अल्पकाळ टिकतात किंवा मुळीच आढळत नाहीत. म्हणून अशा रुग्णाचा ‘निगेटिव्ह’ अहवाल आजार नसल्याचा पुरावा ठरत नाही. उलटपक्षी, पॅराइन्फ्लुएंझा विषाणूंशी होणाऱ्या परस्पर-प्रतिक्रियेमुळे गालगुंड नसतानाही अहवाल ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकतो. हे विषाणूही लाळग्रंथीस सूज आणतात, त्यामुळे गोंधळ अधिकच वाढतो.

आयजीजी आणि संरक्षणाचा भ्रम :

दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने घेऊन आयजीजीतील वाढ पाहण्याची पद्धत जुनी आहे. लस घेतलेल्या रुग्णात पहिल्या नमुन्याच्या वेळीच पातळी उंचावलेली असू शकते. परिणामी अपेक्षित चौपट वाढ दिसत नाही. दुसरा प्रश्न अधिक मूलगामी आहे. रक्तात आयजीजी आढळले म्हणजे व्यक्ती सुरक्षित आहे काय? एलायझा पद्धत विषाणूच्या विविध प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे एकत्रित मोजते. त्यांपैकी विषाणूला निष्प्रभ करणारी किती, हे तिच्यातून कळत नाही.

अमेरिकेत २००६ मध्ये ६,५८४ रुग्णांची नोंद झाली. महाविद्यालयीन वयोगटाला या साथीची विशेष झळ पोहोचली आणि रुग्णांपैकी अनेकांनी लसीच्या दोन मात्रा घेतलेल्या होत्या. कॅन्सस राज्यातील एका विद्यापीठात विद्यार्थ्यांनी साथीपूर्वी रक्तदान केलेले होते. त्या रक्तातील प्रतिपिंडांची पातळी तपासली असता, पुढे आजारी पडलेल्यांची सरासरी पातळी कमी आढळली. तथापि आजारी व निरोगी यांना निश्चितपणे वेगळे करणारी सीमारेषा सापडली नाही.

भारतीय संदर्भ :

भारतात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. २०१७ पासून राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आलेल्या गोवर-रुबेला लसीत गालगुंडाचा अंतर्भाव नाही. याउलट बालरोगतज्ज्ञांची संघटना तिन्ही आजारांवरील एमएमआर लसीची शिफारस करते आणि खासगी दवाखान्यात जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांना ती मिळते. त्यामुळे वसतिगृहाच्या एकाच खोलीत लस घेतलेला व न घेतलेला असे दोन्ही विद्यार्थी राहू शकतात. दोघांचे अहवाल शब्दशः सारखे आले, तरी त्यांचा अर्थ सारखा नसतो. ‘निगेटिव्ह’ अहवाल हाती घेऊन वर्गात वा परीक्षागृहात परतलेला विद्यार्थी इतरांना संसर्ग देऊ शकतो, ही यातील खरी जोखीम आहे.

समारोप :

प्रतिपिंड-परीक्षण निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. लस न घेतलेल्या रुग्णाच्या निदानात आणि लोकसमूहाच्या सर्वेक्षणात त्याचे स्थान कायम आहे. दोष परीक्षणापेक्षा त्याच्या वाचनात अधिक आहे. लसीकरणाचा इतिहास आणि सूज आल्यापासून नमुना घेईपर्यंतचे दिवस या दोन नोंदींवाचून अहवाल अपुराच राहतो. सूज आल्यापासून शक्यतो तीन दिवसांच्या आत लाळग्रंथी चोळून गालाच्या आतील भागातून घेतलेल्या नमुन्याची आरटी-पीसीआर चाचणी अधिक उपयुक्त ठरते. अर्थात तिचाही नकारात्मक निष्कर्ष अंतिम नसतो. म्हणून अहवालाची वाट न पाहता, सूज आल्यापासून पाच दिवस विद्यार्थ्याला वेगळे ठेवणे आणि त्यासाठी त्याची उपस्थिती वा परीक्षेची संधी हिरावली जाणार नाही अशी तरतूद करणे, हे महाविद्यालयाचे कर्तव्य ठरते. प्रयोगशाळेचा अहवाल निर्णयास साहाय्यक असतो. तो निर्णयाची जागा घेऊ शकत नाही.